ठाण्याच्या वहीतील नोंद

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पोलीस ठाण्याच्या पायरीविषयी मात्र अशी म्हण ऐकिवात नाही. बहुधा ती करण्याची गरजच कुणाला वाटली नसावी! एस.टी. स्टँडवर खिसा कापला गेला, तर ‘जाऊ दे, नशिबात नव्हते’ असे म्हणत घरी परतणारी माणसे आपण नेहमी पाहतो. ठाण्यात जाण्यापेक्षा नुकसान सोसलेले बरे, असा हिशेब त्यामागे असतो. तो सगळाच चुकीचा आहे असे म्हणवत नाही; पण हा हिशेब आपण अनुभवातून मांडतो की अज्ञानातून, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

राज्यशास्त्राच्या वर्गात आपण उत्तरदायित्व शिकतो. मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते हे आपल्याला तोंडपाठ असते. प्रश्नोत्तराचा तास, लोकलेखा समिती, महालेखापरीक्षक ह्यांवर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. परंतु सामान्य माणसाला शासन प्रत्यक्ष भेटते ते मंत्र्याच्या रूपात नव्हे. ते तलाठ्याच्या रूपात भेटते, आणि त्याहून अधिक धाकाने, खाकी वर्दीतल्या हवालदाराच्या रूपात भेटते. हा हवालदार कुणाला जबाबदार आहे? त्याच्या कामाचा हिशेब कोण, आणि कोणत्या कागदावरून मागू शकतो? चहाच्या टपरीवर आपण पोलिसांना शिव्या देतो, गणेशोत्सवातल्या बंदोबस्ताबद्दल त्यांचे कौतुकही करतो; हा तिसरा प्रश्न मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतो.

त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, ब्रिटिश सरकारने पोलीस कायदा केला. त्यासाठी नमुना घेतला तो लंडनच्या पोलिसांचा नव्हे, तर आयर्लंडमधील सशस्त्र पोलीस दलाचा; म्हणजे जिंकलेल्या मुलखाला धाकात ठेवण्यासाठी उभारलेल्या दलाचा. शिपाई जमादाराला, जमादार फौजदाराला, फौजदार अधीक्षकाला आणि अधीक्षक सरकारला जबाबदार, अशी ही सरळ वर चढत जाणारी शिडी होती. ज्या गावात ठाणे, त्या गावाला ह्या शिडीत कोठेच पायरी नव्हती. आपल्या राज्यात आज जो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो तो मूळचा १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम. तो स्वातंत्र्यानंतरचा असला तरी शिडीची बांधणी त्याने बदलली नाही. नगराध्यक्ष ठाणेदाराला सत्काराला बोलावू शकतो, जाब मात्र विचारू शकत नाही.

गंमत अशी, की ज्या सरकारने पोलिसांना एवढे अधिकार दिले त्याचाच त्यांच्यावर विश्वास नव्हता. मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यांतील नोकर लोकांचा छळ करतात, ह्या तक्रारींच्या चौकशीसाठी कंपनी सरकारला आयोग नेमावा लागला होता. त्याचा अहवाल १८५५ सालचा आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हा नियम त्यानंतर कायद्यात आला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो कलम २५ म्हणून होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो कलम २३ म्हणून कायम आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कायदाच सांगत आला आहे, की ठाण्याच्या चार भिंतींआड बोलले गेलेले विश्वासार्ह मानू नका.

मग नागरिकाच्या हाती काय राहते? माझ्या मते एकच गोष्ट राहते, आणि ती म्हणजे नोंद. तारीख, वेळ आणि सही असलेली नोंद. ठाण्याचा सगळा कारभार वह्यांवर चालतो. कोण केव्हा ड्यूटीवर आला, कोणती खबर किती वाजता मिळाली, कुणाला केव्हा लॉकअपमध्ये घातले, हे ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे ज्याला सगळे ‘स्टेशन डायरी’ म्हणतात तिच्यात, लिहिले गेले पाहिजे. वरिष्ठांना दफ्तर तपासणी करता यावी म्हणून ह्या वह्या ठेवल्या गेल्या. नागरिकाच्या सोयीसाठी नव्हेत. पण एकदा लिहिलेले बदलणे अवघड असते, आणि म्हणूनच जे लिहिलेले पुढे अडचणीचे ठरेल ते मुळात लिहायचेच नाही, अशी युक्ती निघते. पोलिसांविषयीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मारहाणीइतकीच ही न केलेली नोंद असते.

आपल्यापैकी अनेकांना परिचित असलेले एक साधे उदाहरण घेऊ. वसतिगृहातील एखाद्या मुलाचा पंधरा हजारांचा मोबाइल बाजारात चोरीला जातो. तो ठाण्यात जातो. ठाणे अंमलदार म्हणतात, “चोरताना पाहिलेस का? नाही ना? मग हरवला असे लिही.” मुलाला नवे सिमकार्ड हवे असते; तो निमूटपणे लिहून देतो आणि ‘गहाळ’ झाल्याचा दाखला घेऊन परततो. एका शब्दाचा फरक, पण त्या शब्दाने गुन्हाच नाहीसा झाला! गहाळ वस्तूच्या बाबतीत तपास नाही, तपासी अंमलदार नाही, न्यायालयात पाठवायचा कागद नाही. अंमलदार असे का करतो? केवळ आळसाने नव्हे. ठाण्याचे मोजमाप गुन्ह्यांच्या आकड्यावरून होते. गेल्या वर्षी चोऱ्या एवढ्या होत्या, यंदा वाढल्या, असे दिसले की तपासणीच्या वेळी साहेब जाब विचारतात, विधानसभेत प्रश्न निघतो, वर्तमानपत्रात मथळा येतो. प्रामाणिकपणे प्रत्येक गुन्हा नोंदणारा ठाणेदार कागदावर नालायक ठरतो, आणि खबर दडपणारा कर्तबगार. ही विचित्र परीक्षापद्धती आपल्या विद्यापीठांनाही लाजवील अशी आहे.

कायदा ह्या बाबतीत संदिग्ध नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ती लिहून घ्यावी, खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि त्याला प्रत विनामूल्य द्यावी. हीच प्रथम खबर, म्हणजेच एफ.आय.आर. ती घेणे हे अंमलदाराच्या मर्जीवर आहे काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आला, आणि ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याचे स्पष्ट उत्तर मिळाले: खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. ठाण्याने नाकारल्यास खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम १७३ मध्ये ही सगळी वाट दिलेली आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावीच लागते, हेही तेथे आता लिहिले आहे. ‘आमची हद्द नाही’ हे ठाण्यातील सर्वांत जुने उत्तर त्यामुळे निदान कायद्यापुरते संपले.

मात्र ह्याच कलमात एक फटही राहिली आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठाण्याला दिली आहे. ज्या ठाण्यांना नोंद टाळण्याची सवय लागलेली आहे त्यांना चौदा दिवस ही मोठी सोय वाटेल, असे मला भय वाटते. आणखी एक सावधगिरी ठेवावी. “अर्ज द्या, चौकशी करतो,” असे सांगितले जाते तेव्हा तो अर्ज म्हणजे प्रथम खबर नव्हे. निदान त्या अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही तरी मागून घ्यावी. वरिष्ठांकडे वा न्यायालयात जाताना तोच एक पुरावा उरतो.

स्त्रिया आणि दलित ह्यांच्या बाबतीत नोंद न करणे हा निव्वळ हलगर्जीपणा उरलेला नाही. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याची खबर न घेणाऱ्या अधिकाऱ्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा २०१३ साली कायद्यात आली. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात कर्तव्यात कुचराई करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद पहिल्यापासून होती, आणि २०१५ च्या दुरुस्तीने ते कर्तव्य म्हणजे नेमके काय हे लिहून ठेवले: खबर नोंदणे, वाचून दाखवणे, प्रत देणे. जे सर्वांसाठी आधीपासूनच कायदा होते तेच पुन्हा स्वतंत्रपणे लिहावे लागले, ह्यातच सर्व काही आले.

आता खबर देणाऱ्याकडून पकडल्या गेलेल्या माणसाकडे वळू. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, असे घटनेचा अनुच्छेद २२ सांगतो. हे चोवीस तास मोजायचे केव्हापासून? अटकेची वेळ कागदावर केव्हाची आहे, त्यावर सगळे अवलंबून. म्हणून ‘चौकशीसाठी बोलावले आहे’ असा एक निराळाच प्रकार रूढ झाला. माणूस ठाण्यात बसून असतो, घरचे दाराशी ताटकळत असतात, आणि वहीत त्याचे नाव नसते. कोठडीतील मारझोडीच्या कहाण्या ऐकल्या तर त्यांतला बराच भाग ह्या नाव नसलेल्या तासांत घडलेला आढळतो.

ही वेळ कागदावर आणण्याचे श्रेय दोन पत्रांकडे जाते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पहिले पत्र आपल्याच राज्यातले. १९८२ साली पत्रकार शीला बारसे ह्यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रियांशी बोलून, त्यांतील पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितल्याचे सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने आदेश दिले, की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात व तेथे स्त्री शिपायांचा पहारा असावा. मुंबईत सत्र न्यायाधीशांनी अधूनमधून अचानक जाऊन कोठड्या पाहाव्यात. आणि अटक झालेल्याचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून राज्यातील प्रत्येक कोठडीत लावावे, आणि आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे. दुसरे पत्र पश्चिम बंगालमधील. तेथील कायदेविषयक मदत संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू ह्यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना लिहिले. त्यावर १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला; म्हणजे पत्राला उत्तर यायला दहा वर्षे लागली. पण उत्तर मोलाचे होते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव असावे. अटकेचा पंचनामा करून त्यावर वेळ टाकावी आणि घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी. नातेवाइकाला कळवावे व कळवल्याची डायरीत नोंद करावी. दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करावी. आणि बारा तासांत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाच्या फलकावर अटकेची माहिती लावावी. ह्यांतील बरेचसे पुढे संहितेतच आले. आजच्या संहितेचे कलम ३७ तर एक पाऊल पुढे जाऊन सांगते, की अटक झालेल्यांची नावे व गुन्ह्याचे स्वरूप जिल्हा मुख्यालयात आणि प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावावे.

ह्या सगळ्या आज्ञांचे सार पाहिले तर ते एवढेच आहे, की आणखी एक नोंद करा, तिच्यावर वेळ टाका, आणि ठाण्याबाहेरच्या एका तरी माणसाच्या नजरेस ती पडू द्या.

पण ठाण्यात अत्याचार होतो तो आरोपीवरच, असे समजू नये. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात आलेली आदिवासी मुलगी आरोपी नव्हती. तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीवरून तिचा जबाब घेण्यासाठी तिला बोलावले होते. जबाब झाला, बरोबरच्यांना बाहेर पाठवले गेले, आणि आत तिच्यावर पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध केला नाही, असे न्यायालयाला वाटले. भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे ह्यांत उच्च न्यायालयाने जो फरक केला होता तो तेथे टिकला नाही.

प्रकरण येथेच मिटले असते. परंतु सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. ठाण्यासारख्या ठिकाणी, रात्री, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या गरीब मुलीची ‘संमती’ म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता. त्या पत्रानंतर ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाने आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. आणि संबंध सिद्ध झाला व संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरले जाईल, असे ठरले. प्राध्यापकांनी वर्गाबाहेर लिहिलेल्या चार पानांनी काय होऊ शकते, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. आज स्त्रीला जबाबासाठी तिच्या राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही, आणि सूर्यास्तानंतर तिला अटक करायची तर अपवादात्मक कारण, स्त्री अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आपल्या विद्यार्थिनींनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

न्यायालयांखेरीज स्थानिक लोकांची देखरेख असावी, ह्यासाठीही प्रयत्न झाले आहेत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या वस्तीचा पोलीस नियमितपणे एकत्र बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. हे यश मोठेच. पण ते एका अधिकाऱ्याच्या निष्ठेवर उभे होते. अधिकाऱ्याची बदली होते. कायद्याची होत नाही.

कायद्याने देखरेख आणण्याचा प्रयत्न निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंग ह्यांच्या याचिकेतून झाला. १९९६ च्या ह्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पातळीवर एक आणि महसूल विभागांच्या पातळीवर प्राधिकरणे, अशी तरतूद केली. जिल्ह्याऐवजी विभाग का, हे समजत नाही. सिरोंच्याच्या शेतमजुराने हवालदाराविरुद्ध तक्रार करायला नागपूर गाठायचे, ही कल्पनाच मुंबईत बसून सुचणारी आहे. त्या मानाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील जिल्हा दक्षता समिती जवळची. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि तिने दर तीन महिन्यांनी बसावे असा १९९५ चा नियम आहे. ती बसते का, हे तिच्या बैठकीचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागितले की कळते.

हवालदाराचेही काही म्हणणे आहे, आणि ते ऐकले नाही तर हा लेख एकांगी होईल. बारा-चौदा तासांची ड्यूटी, बंदोबस्तामागून बंदोबस्त, सणाला घर नाही, आणि वर दाद मागायला संघटनाही नाही. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईतल्या पोलिसांचा असंतोष उघड उफाळला तेव्हा शहरात निमलष्करी दले आणावी लागली आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. ज्याला स्वतःला कुणापुढे दाद मागता येत नाही तो दुसऱ्याची दाद कितपत मनापासून लिहून घेणार?

वहीचे रूप मात्र आता बदलत आहे. ७ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानुसार, लैंगिक अत्याचार व दहशतवाद ह्यांसारखे संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. २००५ च्या माहितीच्या अधिकारात तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारता येते. पण माणसाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित माहिती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. आणि २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, फाटकापासून कोठडीच्या व्हरांड्यापर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्ष जपायचे. त्यावर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीत जिल्हाधिकारी व अधीक्षक ह्यांच्याबरोबर महापौरांना, अथवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या प्रमुखांना स्थान दिले आहे. १८६१ च्या शिडीत गावाला जी पायरी नव्हती ती येथे प्रथमच दिसते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना आपण ह्या समितीचे सदस्य आहोत हे ठाऊक आहे काय, हा आपल्या राज्यशास्त्र मंडळाने त्यांना विचारण्यासारखा प्रश्न आहे.

कॅमेराही शेवटी एक वहीच, आणि वहीचे पान जसे कोरे राहू शकते तसा कॅमेराही बंद राहू शकतो. ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांच्या बातमीची सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०२० च्या त्या आदेशातच आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कुणी वाचलेली दिसत नाही. ठाण्याच्या दारात आणि आत, इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत मोठा फलक लावायचा आहे. येथे चित्रण होते, येथे हक्कांचा भंग झाल्यास मानवी हक्क आयोगाकडे, न्यायालयाकडे किंवा अधीक्षकांकडे तक्रार करता येते, आणि किमान सहा महिने तरी जपले जाणारे ते चित्रण सुरक्षित ठेवायला लावण्याचा हक्क पीडिताला आहे, असे त्यावर लिहायचे आहे. तो फलक मराठीत आहे का, हे पाहण्यासाठी ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. तो रस्त्यावरूनच दिसायला हवा.